जुन्या प्रेमाचा ताळमेळ

जुन्या प्रेमावरच्या चित्रपटांविषयी लिहायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असं सुज्ञ वाचक विचारतील. विचारावंच. आमच्या बँकेत अधिकार असल्याशिवाय कोणी टाचणीची डबीसुद्धा मागवत नाही. तेव्हा सुरुवातीलाच माझी कागदपत्रं सादर करतो. एक, मी बी.कॉम. आहे, म्हणजे जमा काय आणि नावे काय एवढं मला कळतं. दोन, या विषयावरचे बरेचसे चित्रपट मी पाहिलेले आहेत, काही दोनदोनदा. आणि तीन, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझं जुनं प्रेम, तिचे यजमान, त्यांची कन्या, मी, माझी सौ. आणि आमची दोन कार्टी असे सात जण माथेरानला चार दिवस एका छपराखाली राहून परत आलेलो आहोत. सातही जण धडधाकट. ही तिसरी पात्रता मराठी समीक्षकांत फार जणांकडे असेल असं वाटत नाही. असलीच तर ते घरी बोललेले नसावेत.

आधी चित्रपटांकडे वळू.

राज कपूरचा १९६४ सालचा ‘संगम’ हा या घराण्याचा मूळ पुरुष. चित्रपट जवळजवळ चार तासांचा. तेवढ्यात माणूस दादरहून निघून पुण्याला पोचतो आणि नातेवाइकांकडचा चहा पिऊन मोकळा होतो. यातला नायक बायकोला घेऊन मधुचंद्राला युरोपात जातो आणि तिथे आपल्या जिवलग मित्राला बोलावून घेतो. हाच मित्र बायकोचं जुनं प्रेम. नायकाला याची गंधवार्ता नाही. सगळी भानगड होते एका प्रेमपत्रावरून, आणि त्या पत्रावर सही नाही! आमच्या काउंटरवर सही नसलेला कागद आला तर तो आल्या पावली परत जातो. इथे त्याच्यावर तीन आयुष्यं पणाला लागतात. शेवटी हा मित्र स्वतःला गोळी घालून घेतो. हिशेब जुळेना म्हणून नोंदच खोडून टाकायची, असा हा प्रकार.

पुढचा मोठा दाखला यश चोप्रांचा, १९७६ सालचा ‘कभी कभी’. अमिताभ कवी, राखी त्याची प्रेयसी. तिचं लग्न होतं शशी कपूरशी. लग्नाच्या पहिल्या रात्री नवरा हौसेनं तिला गाणं म्हणायला सांगतो, आणि ते गाणं नेमकं त्या जुन्या कवीचं. पुढे मुलं मोठी होतात, दोन्ही घरं एकमेकांच्या ओळखीची होतात आणि शेवटी दगडाच्या खाणीत सुरुंग उडतात. सुरुंगाशिवाय चार मोठी माणसं एकमेकांशी सरळ बोलतच नाहीत.

गुलजारांच्या ‘इजाजत’मध्ये, म्हणजे १९८७ साली, सुरुंग नाही, पाऊस आहे. वेगळे झालेले नवरा-बायको स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये रात्रभर गतायुष्य आठवतात. सकाळी तिचा दुसरा नवरा तिला न्यायला येतो. कोण? शशी कपूर! इथे माझ्यातल्या समीक्षकानं पेन्सिल थुंकी लावून वर केली. परक्या प्रेमाची परतफेड हसतमुखानं करणारा नवरा हवा असला की या गृहस्थाला बोलवायचं, असा हिंदी सिनेमाचा संकेतच दिसतो.

संजय लीला भन्साळींचा ‘हम दिल दे चुके सनम’ १९९९ सालचा. त्यातला नवरा तर बायकोला तिच्या प्रियकराच्या स्वाधीन करायला स्वतः इटलीला घेऊन जातो. चित्रीकरण मात्र हंगेरीत. पडद्यावर एक देश आणि प्रत्यक्षात दुसरा. आमच्या ऑडिटरनं अर्ध्या तासात पकडलं असतं. या चित्रपटाशी माझा खासगी संबंध आहे, तो पुढे येईल. मराठीत २०१७ साली सतीश राजवाडे यांचा ‘ती सध्या काय करते’ आला. तो पाहायला आमच्या शाखेतले चाळिशीच्या पुढचे सगळे पुरुष गेले होते, आणि प्रत्येकजण बायकोला ‘ऑडिटसाठी उशीर होईल’ असं सांगून गेला होता.

एवढ्यात थोरल्या कन्येनं लॅपटॉपवर ‘पास्ट लाइव्ह्ज’ दाखवला. सेलीन साँग या बाईंचा २०२३ सालचा हा पहिलाच चित्रपट. सेऊलमधली लहानपणची जोडी दुरावते; बारा वर्षांनी एकदा संपर्क, पुन्हा बारा वर्षांनी भेट. मुदतठेवीसारखं. तो न्यूयॉर्कला येतो तेव्हा तिचा नवरा असतो. तिघं एका बारमध्ये बसतात, ती दोघं कोरियनमध्ये बोलतात आणि नवरा बिचारा शेजारी बसून राहतो. हा मात्र खरा चित्रपट. यात कोणी मरत नाही, सुरुंग नाहीत, आणि नवऱ्याला काय वाटत असेल याची निदान चौकशी तरी केलेली आहे.

तरीही या सगळ्या चित्रपटांत मला तीन उणिवा दिसतात. पहिली वेळेची. वेटिंग रूममधली एक रात्र, बारमधला एक तास. एवढ्या वेळात कुणीही चांगलं दिसतं. जुन्या प्रेमाबरोबर सलग चार सकाळी चहा पिऊन बघा म्हणावं. दुसरी उणीव मुलांची. मुलं एकतर नसतातच, नाहीतर एकदम लग्नाच्या वयाची असतात. घाटात गाडी लागणारा अकरा वर्षांचा मुलगा एकाही दिग्दर्शकाला सुचलेला नाही. तिसरी उणीव मला स्वतःलाच माथेरानहून परत आल्यावर कळली, म्हणून ती शेवटी.

आता माझं प्रकरण. नाव सांगत नाही. ‘ती’ म्हणू, मराठीत त्याला आता चित्रपटाचा आधार आहे.

१९९९ सालचा जुलै. आम्ही टी.वाय.ला. मी शिकवणीच्या पैशांतून एक नवी छत्री घेतली, ‘हम दिल दे चुके सनम’ची दोन तिकिटं काढली आणि ‘चार वाजता कँटीनबाहेर थांबतो’ असा निरोप एका मित्राकरवी तिला धाडला. चार वाजले, पाच वाजले, सहा वाजले. पाऊस मी म्हणत होता. छत्री दोघांसाठी आणलेली, एकट्यानं कशी उघडायची? म्हणून ती मिटलेली हातात धरून मी दोन तास भिजलो. ती आली नाही. सिनेमाला एकटाच गेलो. शेजारच्या खुर्चीवर छत्री ठेवली होती. त्यानंतर मी तिच्याशी बोललो नाही. हा नकार आहे हे न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो, असं तेव्हा माझं मत होतं.

लग्न ठरल्यावर हे सगळं मी सौ.ला प्रामाणिकपणे सांगून टाकलं. आपल्या पोटात काही नको. ती ऐकून घेऊन म्हणाली, “छत्री कुठंय?” छत्री होती. तेव्हाही होती आणि आजही डोंबिवलीला आमच्या माळ्यावर आहे. पुढे दर पावसाळ्यात, पहिल्या भज्यांच्या घाण्याबरोबर, ही गोष्ट मी थोडी थोडी वाढवून सांगत आलो. मुलांचीही ती पाठ आहे.

आणि मागच्या वर्षी एका सकाळी ती आमच्या काउंटरवर उभी. वडिलांचं जुनं पासबुक सापडलं होतं, खात्याचं काय झालं विचारायला आली होती. ग्राहकाची माहिती बाहेर सांगू नये, म्हणून रक्कम सांगत नाही. नियम मात्र सांगता येतो. दोन वर्षं ग्राहकानं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कोणी विचारलं नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे जाते. २०१४ सालापासून ही व्यवस्था आहे. पण पैसे बुडत नाहीत. वारसांनी कागद आणले की ते परत मागता येतात. हे सगळं मी मान खाली घालून सांगत होतो. तेवढ्यात ती म्हणाली, “ओळखलं नाहीस का रे?”

शशी कपूर काय म्हणाला असता कोण जाणे. मी म्हणालो, “आधार कार्डाची झेरॉक्स जोडा.”

घरी येऊन हेही प्रामाणिकपणे सांगितलं. सौ. भाजी निवडत होती. ती निवडतच राहिली. त्याच आठवड्यात मेहुण्याचा फोन आला की त्यांचं दिवाळीनंतरचं माथेरान रद्द. बँकेच्या हॉलिडे होममधल्या दोन खोल्या घेऊन ठेवलेल्या, पैसे परत मिळायचे नाहीत. मी हळहळत असताना सौ. म्हणाली, “मग तिलाच विचारा की.”

“कुणाला?”

“छत्रीला.”

मला वाटलं, काय हे बायकोचं मन! असा मोठेपणा फक्त वहिदा रहमान दाखवू शकते. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाची ही समज, म्हणजे अगदीच प्राथमिक होती.

माथेरानला जायचं म्हणजे नेरळला उतरायचं, टॅक्सीनं दस्तुरी नाक्यापर्यंत चढायचं आणि तिथे टॅक्सी सोडून द्यायची. पुढे मोटारींना बंदी. त्या वळणांवर चिरंजीवांनी अपेक्षेप्रमाणे सकाळचे पोहे परत केले. ती पहिल्यांदा आमच्या कुटुंबाच्या सान्निध्यात आली, ती हातात लिंबू आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. ‘संगम’मध्ये स्वित्झर्लंड आहे, पण ही पिशवी नाही, एवढंच नोंदवून ठेवतो.

तिचे यजमान उंच, पोट सुटलेले, कारखान्यात इंजिनिअर. गृहस्थ हसतमुख होते आणि मला तेच खटकलं. दस्तुरीला प्रवेशकराच्या खिडकीपाशी मी पाकिटात हात घालतो न घालतो तोच यांनी सात जणांचे पैसे भरले. अमन लॉजहून छोट्या गाडीची तिकिटं काढायची तर हे आधीच रांगेत. चहा यांनी, घोडे यांनी, मुलांच्या हातातली मक्याची कणसं यांनी. मी ‘अहो, राहू द्या’ म्हटलं की हे म्हणायचे, “असू द्या हो साहेब, तुमचं लई आहे आमच्याकडं.” मी मनात नोंद केली : शशी कपूर. बायकोच्या जुन्या माणसासमोर पाकीट उघडून दाखवायची हौस.

संध्याकाळी व्हरांड्यात तिच्या मुलीनं निरागसपणे विचारलं, “आई, यांना काका म्हणू की मामा?”

सगळे गप्प झाले. समोरच्या झाडावरची माकडंसुद्धा खाली बघू लागली. तिनं यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी माझ्याकडे, मी जमिनीवरच्या लाल मातीकडे. सौ. बटाट्याची सालं काढत शांतपणे म्हणाली, “मामा म्हण गं. सुट्टीत मामाकडेच जायचं असतं.”

त्या क्षणी एक जुनं खातं कायमचं वर्ग झालं. सही-शिक्क्यासकट.

पहिल्या रात्री आम्ही दोघं कॉलेजच्या गप्पांत रंगलो. कॉस्टिंगच्या सरांची खाकरायची सवय, लायब्ररीतला बंद पंखा, कँटीनमधला तो कटवडा. आम्ही पोट धरून हसत होतो. सौ. आणि ते यजमान मधूनमधून हसल्यासारखं करत होते. मला तो बारमधला नवरा आठवला. आम्ही कोरियन बोलत होतो. थोडं सुखच वाटलं, खोटं कशाला बोलू?

हे सुख बारा तास टिकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाण्याचा बंब बिघडलेला, त्यामुळे बादल्यांची रांग. नाश्त्याला सौ.नं डब्यातली शेंगाचटणी काढली. यजमानांनी बोटावर घेतली, चाटली आणि डोळे मिटले.

“ही कुठली?”

“आईनं पाठवलीय. सोलापूरहून.”

“तुम्ही सोलापूरच्या? मग आधी सांगायचं की ओ!”

गृहस्थ पक्के सोलापूरचे निघाले. तिथून पुढे दोन दिवस शार्लट तलावाकाठी, एको पॉइंटला, लुईझा पॉइंटच्या वाटेवर फक्त सोलापूर. सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावरचा गड्डा, संक्रांतीच्या नंदीध्वजांची मिरवणूक, कडक भाकरी. सौ.चा मूळचा हेल पंधरा मिनिटांत परत आला. वीस वर्षं मी तिला डोंबिवलीची समजत होतो. ती एवढ्या मोठ्यानं हसते, हेही मला नवीन होतं. ते तिला ताई म्हणू लागले आणि मी व ती मागून मुकाट चालू लागलो. आता कोरियन ते बोलत होते.

“तुझी बायको मजेशीर आहे,” ती म्हणाली.

“हो का?” मी म्हणालो. मला खरोखरच माहिती हवी होती.

एव्हाना जुन्या प्रेमाचं बारकाईनं निरीक्षण झालं होतं. तिला सकाळी चहा होईपर्यंत बोललेलं चालत नाही. टूथपेस्टचं झाकण ती लावत नाही, त्यामुळे एक ट्यूब माकडानं नेली. गुडघ्याला पट्टा बांधते. मीही चालताना मध्ये मध्ये देखावा बघायच्या निमित्तानं दम खातो, हे तिनं पाहून ठेवलं असणारच. पण यामुळे मन खट्टू झालं असं नाही. उलट फार मोकळं वाटलं. वर्षानुवर्षं इस्त्री करून कपाटात ठेवलेला कोट एकदा अंगात घालून बघावा, तो होऊ नये आणि आपण सैल बनियनवर मजेत बसावं, तसं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंटवर गेलो. मुलं घोड्यामागे, सोलापूर चिक्कीच्या दुकानात. कठड्यापाशी आम्ही दोघंच. सूर्य खाली चाललेला. दिग्दर्शकानं सांगितल्याशिवाय अशी वेळ येत नाही. मी घसा साफ केला आणि २६ वर्षं मनात असलेलं विचारलं.

“त्या दिवशी तू आली का नाहीस?”

“कुठल्या दिवशी?”

मी सांगितलं. जुलै, कँटीन, छत्री, दोन तिकिटं, दोन तास. भज्यांबरोबरची वाढीव आवृत्ती नव्हे, मूळ संहिता. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, “अय्या, असं झालं होतं? मला निरोपच मिळाला नाही रे. त्या महिन्यात बाबा हॉस्पिटलमध्ये होते. मी कॉलेजला येतच नव्हते.”

मी कठडा धरला. वाचकहो, विचार करा. मी पुढचे सहा महिने दाढी वाढवून अमिताभसारखा हिंडत होतो. पण मुलगी महिनाभर वर्गात दिसत नाही, तेव्हा तिच्या घरी काय चाललंय, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. मी माझ्या भिजण्यात गर्क होतो.

“पण मला तुझं एक लक्षात आहे,” ती म्हणाली. “परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. माझ्याकडे दीडशे रुपये कमी पडत होते. मी खिडकीवरून परत फिरत होते. तू मागे रांगेत होतास. तू तेव्हा माझ्याशी बोलत नव्हतास, का कोण जाणे. काही न बोलता, न बघता, दीडशे रुपये खिडकीतून आत सरकवलेस आणि निघून गेलास. पुढच्या वर्षी बाबा गेले. ती परीक्षा तेव्हा राहिली असती तर राहूनच गेली असती, मग नोकरी कुठली? ते पैसे तुला परत द्यायचे राहिले. ह्यांना मी कितीदा सांगितलंय.”

मला हे आठवत नव्हतं. देवाशपथ आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

वाणिज्य शाखेच्या वाचकांना एव्हाना कळलं असेल. आपल्या रोकडवहीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक जुळत नाही, तेव्हा बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट करायचं असतं, साध्या मराठीत ताळमेळ. दोन्ही वह्या खऱ्या असतात. फक्त आपण फाडलेला एखादा चेक समोरच्यानं बँकेत टाकलेलाच नसतो, आणि बँकेत परस्पर जमा झालेली एखादी रक्कम आपल्या वहीत लिहायची राहिलेली असते. माझा छत्रीचा चेक कधी वटलाच नव्हता. आणि जे दीडशे जमा होते त्यांची माझ्याकडे नोंद नव्हती.

आणि ते यजमान! कर, तिकिटं, घोडे, कणसं. शशी कपूर नव्हे, प्रामाणिक कर्जदार! रात्री झोप येईना म्हणून मी हिशेब केला. दीडशे रुपये, दर साल दर शेकडा ८ टक्के चक्रवाढ, पंचवीस वर्षं : एक हजार सत्तावीस रुपये सत्तावीस पैसे. एकट्या घोड्यांतच गृहस्थ याच्या पुढे गेले होते. सकाळी मी तसं सांगायला गेलो तर म्हणाले, “साहेब, व्याज बँकेत. घरात कुठं व्याज असतं का ओ?”

चौथ्या दिवशी नेरळच्या फलाटावर निरोप घेतले. मुलांनी एकमेकांचे नंबर घेतले, सौ.नं उरलेली शेंगाचटणी भाऊजींना दिली. ती मला म्हणाली, “बाबांच्या खात्याचे कागद सोमवारी आणते.” मी म्हणालो, “झेरॉक्स दोन आण.” शेवटचे संवाद असेच असतात. लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

परतीच्या लोकलमध्ये मी सौ.ला सगळं सांगितलं, छत्रीपासून दीडशे रुपयांपर्यंत. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मी म्हणालो, “तू एवढ्या मोठ्या मनानं त्यांना बोलावलंस म्हणून हे कळलं.”

“मोठं मन कसलं?” ती म्हणाली. “मला तिला बघायचं होतं. वीस वर्षं दर पावसाळ्यात ती आपल्या घरी यायची. माझे केस पांढरे झाले, तिचे होत नव्हते. मी भजी तळायची आणि तुम्ही तिच्यासाठी भिजायचं. न पाहिलेल्या बाईशी कोण बरोबरी करणार? आता पाहिली. चांगली आहे बिचारी. गुडघा दुखतो तिचाही.”

बदलापूर गेलं. मला काही बोलता येईना.

मग तीच म्हणाली, “तुमच्या त्या ‘कभी कभी’त बघा. त्याचं जुनं प्रेम म्हणजे कविता. आणि वहिदाचं जुनं निघालं की फसवणूक, हा लागला ओरडायला. तिला कोणी विचारलं, बाई गं, तू कशी राहिलीस इतकी वर्षं त्या कवितेबरोबर?”

मी चित्रपट दोनदा पाहिला होता आणि सुरुंगांवर विनोद केले होते. तिनं तो एकदाच, कधीतरी टीव्हीवर, पोळ्या लाटता लाटता पाहिलेला. समीक्षेचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मी पहिल्याच ओळीत काढायला नको होता.

तर ही तिसरी उणीव. या चित्रपटांत बहुतेक ठिकाणी दोघांच्या आठवणी पैशापैशानं जुळतात. त्याला जे गाणं आठवतं तेच तिला आठवतं, आणि त्याच सुरात. वह्या अशा जुळतात त्या बनवलेल्या तरी असतात, नाहीतर कोणी तपासलेल्या नसतात. आणि ज्या माणसाच्या घरात ही वही वर्षानुवर्षं उघडी पडलेली असते, त्याला तिच्यातलं पान कोणी दाखवत नाही. नवरा असेल तर तो दिलदार, बायको असेल तर ती सोशिक, एवढं लिहून रकाना बंद. न्यूयॉर्कच्या बारमधल्या त्या नवऱ्याचं थोडं ऐकून घेतलंय, म्हणून तो चित्रपट मला बाकीच्यांहून सरस वाटतो. पण त्यालाही चार दिवस दिलेले नाहीत, आणि शेंगाचटणी तर नाहीच.

जुन्या प्रेमाबरोबर सहकुटुंब सहलीला जावं का, असं शाखेतले काहीजण दबक्या आवाजात विचारतात. मी म्हणतो, अवश्य जावं. मात्र चार दिवस जावं, चार तास नव्हे. आणि आपल्याला जे आठवतं त्याच्या पासबुकाची प्रत आधी मागवावी.

घरी आल्यावर सौ.नं स्टूल घेऊन माळ्यावरून ती छत्री काढली. २६ वर्षांत पहिल्यांदा उघडली. दोन काड्या गंजून मोडल्या, कापडाला घडीवर भोकं. “नेऊन द्या स्टेशनजवळच्या छत्रीवाल्याकडे,” ती म्हणाली, “चांगली मोठी आहे, भाजीला जाताना दोघांना पुरेल.”

दुरुस्तीचे ऐंशी रुपये पडले. ते कुठल्या खात्याला नावे टाकावे, हे अजून ठरलेलं नाही.